कार्दोश विल्मोश यांची सायकल

१ एप्रिल, शनिवार

सायकल घेतली. एवढं लिहून पाच मिनिटं झाली. पुढे कारण लिहायचं होतं, ते सुचत नाही.

बायकोला, एमोकेला, सांगितलं की ऑफिसला जायला हवी होती. ऑफिस घरापासून ट्रामने चार थांबे आहे, हे तिलाही माहीत आहे. खरं असं की गेल्या हिवाळ्यापासून मला एका जागी बसवत नाही. टेबलाखाली पाय हलत राहतो. समोरच्या सहकाऱ्याने दोनदा विनंती केली. नाटकाच्या मध्यंतरात बाहेर पडलो तो परत आत गेलोच नाही, दुसरा अंक एमोकेने एकटीने पाहिला. डॉक्टर म्हणाले, काही नाही, वय. शेहेचाळीस.

जाहिरातीत एकच शब्द होता: ‘कायमचालती’. म्हणजे मागच्या चाकाला फ्रीव्हील नाही. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, पाय थांबवायची सोय नाही. वाचल्यावर वाटलं, ही आपल्यासारख्यासाठीच केली असावी.

विकणारा बर्ना पन्नाशीचा आहे, पूर्वी सायकलवर कुरियर होता. योझेफवारोश भागातल्या एका जुन्या इमारतीच्या चौकात त्याची सायकलींची रास आहे. किंमत मी धरून गेलो होतो त्याच्या निम्मी सांगितली.

‘कुठून आली ही?’ मी विचारलं.

‘आभाळातून नाही पडली.’

‘काही कागद वगैरे?’

‘साहेब, सायकल घेताय की सोयरीक करताय?’

मी हसलो. हसायला नको होतं. जमीन नोंदणी कार्यालयात बावीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो की विकणाऱ्याचं नाव कागदावर नसेल तर घेणाऱ्याच्या हाती काही येत नाही. आणि स्वतःच्या वेळी मी तिसरा प्रश्नही विचारला नाही.

२ एप्रिल, रविवार

पडलो. कोपर सोललं.

आमची सगळी पिढी उलट्या पायडलच्या ब्रेकवर वाढली. पाय थांबवायचे, गाडी आपोआप पळू द्यायची, मग टाच मागे दाबायची की चाक जाम आणि रस्त्यावर काळा पट्टा. हे डोक्यात नसतं, घोट्यात असतं. चौकात लाल दिवा दिसला आणि माझे पाय थांबले. पायडल थांबलं नाही. त्याने मला सीटवरून उचललं आणि ट्रामच्या थांब्यापाशी ठेवलं. पुढचा ब्रेक आहे, तो आठवलासुद्धा नाही.

थांब्यावर दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, ‘सकाळी सकाळीच घेतात गं ही माणसं.’

६ एप्रिल

रोज नेतो आहे. सीट थोडी खाली आहे, गुडघे छातीशी येतात, तरी नेतो. लाल दिवा लांबून ओळखायचा, तिथपासून पाय जड करत आणायचे. पुढचं बघण्यात सगळं लक्ष जातं. आज ऑफिसला पोचलो तेव्हा ध्यानात आलं, वाटेत एकदाही ऑफिस मनात आलं नाही. दुपारी समोरचा सहकारी म्हणाला, ‘आज टेबल शांत आहे.’

१० एप्रिल, ईस्टरचा सोमवार

सकाळी रिवाजाप्रमाणे एमोकेच्या आणि शेजारणीच्या डोक्यावर कोलोन शिंपडलं, शेजारणीने रंगवलेलं अंडं दिलं. मग सीट उंच करायला बसलो. दांडा पूर्ण बाहेर काढून ग्रीस लावावं म्हटलं, तर नळीत काहीतरी अडकलेलं. चिमट्याने ओढलं. मेणकागदाची सुरळी, दोऱ्याने बांधलेली. आत शाईने लिहिलेली चिठ्ठी:

‘ही सायकल माझी आहे. हे वाचणारा मिस्त्री असेल तर साखळीला तेल कमी घालावं. चोर असेल तर ती खालच्या पत्त्यावर आणून द्यावी. तोवर निदान पाय थांबवू नयेत. कार्दोश विल्मोश’. नावाच्या शेवटाला मेण लागून शाई पसरली आहे, तिथे डाग. खाली तेराव्या विभागातला पत्ता, मे १९७४. रस्त्याचं नाव जुन्या राजवटीतलं, ते नव्वद साली बदललं असणार.

मला एकदम गरम व्हायला लागलं. एमोकेने चिठ्ठी दोनदा वाचली आणि हसली.

‘माणूस मजेदार दिसतो. आता?’

‘आता शोधायचं.’

‘तुझ्या ऑफिसात दोन मिनिटांचं काम आहे, लोरी.’

‘खासगी कामासाठी नोंदी उघडायच्या नाहीत असा नियम आहे.’

‘तुझ्या भावाचा प्लॉट पाहिला होतास की.’

‘ते वेगळं होतं.’

लिहिताना आठवून पाहतो आहे, वेगळं काय होतं.

चोरीची असेल तर ती माझी नाही. एवढं सरळ आहे. मालक सापडेपर्यंत वापरायची नाही असं ठरवलं.

११ एप्रिल

नेली. पाऊस येईल असं वाटत होतं, ट्रामला गर्दी झाली असती. आला नाही.

१७ एप्रिल

ऑफिसात आमच्या मजल्यावर पाण्याच्या नळाशेजारी बदललेल्या रस्त्यांची यादी लावली आहे, जुनं नाव डावीकडे, नवं उजवीकडे. ती बघायला कुठलीही नोंद उघडावी लागत नाही. आज चार वेळा पाणी प्यायलो. नळापाशी उभं राहिलं की यादी पाठीमागे येते.

२३ एप्रिल, रविवार

काम झालं. स्मशानभूमीत पुरलेल्यांची नावं सगळ्यांसाठी खुली असतात, तिथे शोधायला नियम आड येत नाही. कार्दोश विल्मोश, शेवटचा पत्ता तेरावा विभाग, मृत्यू २००९. खात्री करावी म्हणून दुपारी सायकलनेच गेलो, फुलं घेऊन. काळा दगड आहे. वर त्यांचं नाव आणि दोन्ही सालं. खाली पत्नी हेडविग, १९४५, मग एक आडवी रेघ आणि पुढची जागा कोरी. दगड नुकताच कुणीतरी पुसलेला होता.

मी थोडा वेळ उभा राहिलो. सायकल इतकी लहान आहे, त्या अर्थी विल्मोश बुटके असावेत. मनातल्या मनात त्यांना सांगितलं की ती चांगल्या हाती आहे. येताना उतारावर पाय इतके पटापट फिरत होते की मोठ्याने हसावंसं वाटलं.

जेवताना एमोकेला सांगितलं, मालक चौदा वर्षांपूर्वीच गेले.

‘आणि बायको?’

‘बायकोला रेसची सायकल कशाला हवी?’

एमोकेने माझ्याकडे पाहिलं. ताटल्या गरजेपेक्षा जोरात रचल्या.

२९ एप्रिल

सकाळी डॅन्यूबच्या काठाने उत्तरेला निघालो तो दुपारी परतलो. हँडलवरची जुनी पट्टी काढून नवी गुंडाळली, निळी. रात्री सलग सात तास झोपतो. पाय टेबलाखाली हलत नाही.

आज शेजारच्याशी बोलताना ‘माझी सायकल’ म्हणालो. याआधी नुसतं ‘सायकल’ म्हणत होतो हे तेव्हा कळलं.

अस्वस्थता गेली आहे असं मात्र नाही. ती पायांतून निघून दुसरीकडे कुठेतरी जाऊन बसली आहे. चिठ्ठी ड्रॉवरमध्ये आहे. दोनदा ड्रॉवर उघडून बंद केला.

७ मे, मातृदिन

आईकडे किश्पेश्तला गेलो. नार्सिससची फुलं नेली, तिने ती न बघताच नळाखाली ठेवली. भयंकर रागात होती.

‘मला मारून टाकलं त्यांनी,’ म्हणाली.

‘कोणी?’

‘नव्या मॅनेजरने. सोसायटीच्या सभेच्या यादीत मी नाही. विचारायला गेले तर म्हणतो, बाकोश एर्नो वारले ना, मग नाव काढलं. मी म्हटलं, अरे, एर्नो वारले. मी “एर्नोने” आहे, मी तुझ्यासमोर उभी आहे.’

आईची सगळी ओळख लग्नापासून अशीच आहे. बाबांचं नाव आणि त्यामागे बायको या अर्थाचा एक ‘ने’. दारावरच्या पाटीवर तेच, पेन्शनच्या पाकिटावर तेच. बाबा जाऊन वीस वर्षं झाली.

‘तू आता स्वतःचं नाव का लावत नाहीस?’ मी विचारलं.

‘पन्नास वर्षं हे माझं स्वतःचंच आहे. त्याला शेवटचं अक्षर वाचता येत नाही म्हणून मी नाव बदलू?’

मी मॅनेजरला पत्र लिहून दिलं. चांगलं कडक लिहिलं. नोंदी हाताळणाऱ्या माणसाने एक अक्षर गाळलं तर एक जिवंत व्यक्ती गाळली जाते, असं एक वाक्य आहे. आईने ते मोठ्याने वाचून दाखवायला लावलं. मलाही ते आवडलं. निष्काळजीपणा माणसाला किती आंधळं करतो, याचा विचार करत परतलो.

८ मे

चिठ्ठी काढली. तो डाग नाही. नीट पाहिलं तर ‘ने’ आहे. नीट न पाहिलं तरी आहे.

असली नावं मी दिवसाला तीस वाचतो. बावीस वर्षांत एकदाही चुकलो नाही. मग या एका ठिकाणी कसा चुकलो, हे विचारायची मला भीती वाटते आहे, कारण उत्तर माहीत आहे असं वाटतं. आणि तरी शपथेवर सांगू शकतो की त्या दिवशी मला डागच दिसला होता.

ती हेडविग १९४५ची. म्हणजे अठ्ठ्याहत्तर.

९ मे

ऑफिस सुटल्यावर बर्नाकडे गेलो. तो टायर पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होता.

‘मोडली?’

‘नाही. कुठून आणलीस तेवढं खरं सांग.’

‘चोरीची नाही, साहेब. चोरीची मी दारात उभी करत नाही. मार्चमध्ये तेराव्यात अडगळ काढायचा दिवस होता ना, तिथे उचलली.’

वर्षातून एकदा नगरपालिका प्रत्येक भागाला दिवस नेमून देते. लोक मोडकं सामान फुटपाथवर आणून ठेवतात, हवं ते कुणीही न्यावं, उरलेलं पालिकेची गाडी नेते. त्या रात्री अर्धं शहर दुसऱ्या अर्ध्याच्या अडगळीत हात घालून असतं.

‘ठेवत कोण होतं, पाहिलंस?’

‘एक माणूस. तुमच्याएवढाच. तळघरातून एकेक आणत होता, फळ्या, बरण्या, मग ही. मी म्हटलं, ही पण? तर म्हणाला, ने बाबा, आईला आता तळघराचा जिना उतरवत नाही, तिला कळायचंही नाही.’ बर्नाने हात पुसले. ‘रस्त्यावर टाकलं ते सगळ्यांचं. कायदा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.’

ठाऊक आहे. मालकाने टाकून दिलेली वस्तू उचलणाऱ्याची होते. पण टाकणारा मालक नव्हता. मी हे बर्नाला सांगितलं.

‘मग द्या परत नेऊन,’ तो म्हणाला. ‘आणि म्हातारीला सांगा की तुझ्या पोराने फेकली. फार बरं वाटेल तिला.’

१० मे

दिवसभर पाय हलत होता.

काही न करणं हेही दयाळूपणाचं ठरू शकतं. ती खाली उतरत नाही. तिच्या लेखी सायकल तळघरात आहे. मी गेलो तरच ती तिथे नसेल. आणि गेलो नाही तर मी रोज चालवेन.

ही मांडणी इतकी व्यवस्थित जुळते की तिच्यावर माझा विश्वास बसत नाही.

एमोकेला सगळं सांगितलं, डागाचंसुद्धा. तिला आश्चर्य वाटलं नाही, याचं मला वाटलं.

‘तुला माहीत होतं?’

‘सीटवर मी बसून पाहिलं होतं, पहिल्याच रविवारी, तू आत कोपर धूत होतास तेव्हा. माझे पाय बरोबर पोचत होते.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तू झोपायला लागला होतास,’ ती म्हणाली.

१३ मे, शनिवार

नळाजवळच्या यादीत रस्त्याचं नवं नाव पाहिलं आणि आज गेलो.

खरं सांगायचंच ठरवून गेलो होतो. निळी पट्टी काढून टाकली होती, चिठ्ठी पुन्हा मेणकागदात बांधून नळीत घातली होती. इमारत जुनी, मधे चौक, वर प्रत्येक मजल्याला गॅलरी. सायकल चौकात कचऱ्याच्या डब्यांमागे टेकवली, वरून चटकन दिसू नये म्हणून. दुसऱ्या मजल्यावर दारावर पाटी होती: विधवा कार्दोश विल्मोशने. मी बेल दाबायच्या आधीच दार उघडलं. लहानखुरी बाई, पांढरे केस आखूड कापलेले, एका हातात काठी.

‘या,’ म्हणाली. कोण, कुठून, काहीच विचारलं नाही. स्वयंपाकघरात बसवलं. खिडकी गॅलरीकडे उघडते. कॉफी तयारच होती.

मी चार वाक्यं पाठ करून आलो होतो. पहिलंच चुकलं. म्हणालो, ‘मावशी, मी कायमचालती सायकल चालवतो. तुम्ही पूर्वी चालवायचात असं ऐकलं.’

‘कुणाकडून?’

मला खोटं पटकन सुचत नाही. ती थोडी थांबली, मग स्वतःच म्हणाली, ‘असेल कुणी. क्लबातली माणसं बोलकी. कारखान्याचा क्लब होता आमचा. यादीत माझं नाव असंच, विल्मोशने. शर्यतीच्या दिवशी साहेब विचारायचा, विल्मोश कुठे आहे? मी सांगायची, घरी बटाटे सोलतोय.’

‘खरंच सोलायचे?’

‘सोलायचा. जाड साली काढायचा.’ ती हसली. ‘शर्यती सुटल्यावर कामावर जायला तीच. अठ्ठावीस वर्षं. तुम्हाला काय त्रास होतो, गुडघा?’

‘नाही. पाय थांबतात. लाल दिवा दिसला की.’

‘उलट्या ब्रेकवर शिकलेले ना. पाय थांबवायचे नसतात, त्यांना नको म्हणायला शिकवायचं असतं. हळूहळू नको म्हणायचं.’

इथे मी सांगणार होतो. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, ‘माझी खाली तळघरात आहे.’

मी कपाकडे पाहिलं.

‘मुलगा रविवारी येतो,’ ती म्हणाली. ‘दर रविवारी, न चुकता. विल्मोशचा दगड पुसून येतो, मग इथे जेवतो. वस्तू सांभाळायची सवय नाही त्याला, पण माणसं सांभाळतो.’ मग भिंतीवरच्या खिळ्याकडे काठी केली. ‘किल्ली ती. सात नंबरचा गाळा. बघून येता? मला आता उतरवत नाही. चाकांत हवा राहिली नसेल.’

किल्ली घेतली. दारापर्यंत गेलो तेव्हा मागून म्हणाली, ‘जिन्याच्या वळणावर हँडल भिंतीला लागतं. तिथे तिरकं धरायचं, पुढचं चाक वर. मी नेहमी तसंच न्यायची.’

जुन्या सवयींबद्दल बोलायला म्हाताऱ्या माणसांना आवडतं. पण सल्ला बरोबर निघाला. चौकातून सायकल उचलली, वळणावर तिरकी केली, कुठे लागली नाही. सात नंबरचा गाळा झाडून स्वच्छ केलेला होता. भिंतीत दोन आकडे होते, त्यांच्यामधलं अंतर बरोबर तिच्या सांगाड्याला बसेल एवढं. टांगली. मागचं चाक हाताने ढकललं, पायडल फिरत राहिलं, मग थांबलं. मला वाटलं होतं त्याहून जास्त वेळ मी तिथे उभा होतो. दार लावलं, कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं.

वर येऊन किल्ली खिळ्याला लावली.

‘आहे?’ तिने विचारलं.

‘आहे.’

‘हवा?’

‘आहे. भरपूर आहे.’

ती खिडकीतून खाली चौकात बघत होती. मग तिने चार पोगाचे, घरी भाजलेले छोटे खारे पाव, रुमालात बांधून माझ्या हातात दिले, आणि विचारलं, ‘आता घरी कशावर जाल?’

माझ्या उजव्या पायाची विजार मोज्यात खोचलेली राहिली होती, त्यावरून मी सायकलवर आलो हे तिने ओळखलं असणार. मी म्हणालो, ‘ट्रामने.’

‘ट्राम बरी,’ ती म्हणाली. ‘पण तुमचा पाय बघा, आत्तापासूनच हलतोय.’

ट्रामने गेलो नाही, चालत आलो. दीड तास लागला. एमोकेने रुमाल सोडून एक पोगाचा खाल्ला आणि विचारलं, ‘सांगितलंस?’

‘नाही सांगता आलं. पण जागेवर ठेवून आलो. तिच्या मुलाबद्दल एक शब्द निघाला नाही माझ्या तोंडून.’

खरेपणा झाला की पळवाट, हे आज ठरवता येत नाही. पण ती सायकल कधी तिथून हललीच नव्हती, असंच त्या बाईला वाटत राहील. निदान तेवढं तरी मी नीट केलं.